न भिडता झालेली धडक





नारायणगावातल्या या प्लाझ्मा-परिषदेचं स्वागताध्यक्षपद माझ्याकडं आलं ते द्राक्षबागेच्या जोरावर, प्लाझ्माच्या नव्हे. म्हणून काल संध्याकाळी एका पाहुण्या संशोधकांना चहाच्या टपरीवरच गाठलं. म्हटलं, दोन गाड्या धडकल्या की पत्रा चेपतो. तुमचा अंतराळातला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, इतका विरळ, की कणाला कण भेटायची मारामार. मग धडक होते कशी?

ते म्हणाले, जत्रा आठवा. जाणारे-येणारे समोरासमोर आले की आपसूक रांगा पडतात. प्लाझ्माचे दोन झोत एकमेकांत घुसले की इथंही तसंच. एका दिशेचे विद्युतप्रवाह एकमेकांना ओढतात, उलटे लोटतात. धारा सुट्या होतात, प्रत्येकीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र वाढत जातं आणि शेवटी तेच कणांची वाट अडवतं. एरिक वायबेल यांनी १९५९ मध्ये अशा आपोआप वाढत जाणाऱ्या अस्थिरतेचं गणित मांडलं. पुढं अमेरिकेत, रॉचेस्टरच्या ओमेगा लेझरवर, प्लास्टिकच्या दोन चकत्या समोरासमोर ठेवून तापवल्या आणि प्रोटॉन आरपार सोडून या धारांची छबी टिपली. ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली.

मला मात्र भावली ती दुसरी गोष्ट, कारण तिला आमच्या खोडदचा हात लागलाय. दीर्घिकांचे दोन समूह एकमेकांत घुसले की त्यांच्यातल्या विरळ प्लाझ्मातही कडेला धक्क्याची कमान उठते. अशीच एक कमान – सॉसेज म्हणतात तिला – रायनाउट फान वेरेन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये जगापुढं आणली. लांबी सुमारे ६५ लाख प्रकाशवर्षं! ती न्याहाळणाऱ्या दुर्बिणींत खोडदची आपली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणही होती. तिथलं चुंबकीय क्षेत्र कमानीलाच धरून पसरलंय. का, तर पेंढ्याचा गुंता पायानं दाबला की काड्या आडव्या पडतात, तसं. हे मात्र मला लगेच पटलं. पेंढा रोजचाच आहे.

जीएमआरटी उभारणाऱ्या डॉ. गोविंद स्वरूप यांच्या त्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. पत्र्याऐवजी तारेची जाळी ताणलेली, त्यामुळं वारा आरपार जातो. आम्हाला ती बागेच्या जाळीसारखीच वाटायची. तिनं काय धरलंय, ते काल कळलं.

दुपारी जेवणात मासवडी आहे. परदेशी पाहुण्यांनी नावाला घाबरू नये, तिच्यात मासा नाही. उद्या खोडदला जाताना मोबाईल तेवढे बंद ठेवा.