भावबंध आणि आसक्ती
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



गेल्या पन्नास वर्षांत आपल्या ट्रस्टने पाठशाळा चालविली, आयंबिलाची सोय केली, नेत्रशिबिरे आणि रक्तदान शिबिरे भरविली. मनाच्या दुखण्याविषयी मात्र या व्यासपीठावरून फारसे बोलले गेले नाही. विश्वस्तांनी मला विषय निवडण्याची मुभा दिली, तेव्हा मी हाच विषय मागून घेतला. मी डॉक्टर नाही, बी.कॉम. होऊन चाळीस वर्षे कापडाच्या दुकानात बसलेला माणूस आहे. जे सांगणार आहे ते माझ्या घरात घडले आहे आणि माझ्या नातीच्या संमतीने सांगतो आहे.

माझी धर्मपत्नी निवर्तली तेव्हा नात तेरा वर्षांची होती. मुलगा आणि सूनबाई दोघेही दुकानात. त्यामुळे पोर दादीच्याच कुशीत वाढली. उठावण्यानंतर आम्ही दुकान उघडले. नात मात्र रडायची थांबेना. मी तिला जवळ बसवून म्हणालो, "बेटा, असे रडू नये. हे इष्टवियोगाचे आर्तध्यान आहे, त्याने कर्मबंध होतो." ती रडायची थांबली. पोरीला धर्म कळला, असे मी चारचौघांत अभिमानाने सांगितले.

दोन वर्षांनी, दहावीच्या वर्षात, तिने शाळेला जाणे सोडले. जेवणाचे ताट खोलीत नेऊ लागली, रात्र रात्र जागू लागली. आम्ही हट्ट म्हटले, मोबाइलचे वेड म्हटले, पत्रिकाही दाखविली. एके दिवशी सूनबाईंना तिच्या वहीत 'आता जगावेसे वाटत नाही' अशा अर्थाचा मजकूर सापडला. त्यानंतर आम्ही मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी नैराश्याचे निदान केले, औषध दिले आणि त्याच्या जोडीने मानसोपचार घेण्यास सांगितले.

पहिल्यांदा ज्या समुपदेशकाकडे गेलो, त्याच्याकडील दोन भेटींनंतर एका लग्नात दूरच्या नातेवाइकांनी माझ्या मुलाकडे नातीच्या तब्येतीची चौकशी केली. गोष्ट कोठून फुटली हे उघड होते. नातीने पुन्हा कोणाकडेही येण्यास नकार दिला. सहा महिने वाया गेले. पुढे डॉक्टरांनीच एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंचे नाव सुचविले. त्यांनी पहिल्याच दिवशी सर्वांना एकत्र बसविले आणि नातीला एकच प्रश्न विचारला, "तुला इतके वाईट वाटते, तेव्हा तू घरातल्या कोणाजवळ का जात नाहीस?"

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ती हळूच म्हणाली, "दादी गेल्यावर गेले होते. दादाजी म्हणाले, पाप लागते."

बंधू-भगिनींनो, त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. जॉन बोल्बी हे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धानंतर निराधार झालेल्या बालकांविषयी जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी तयार केलेला अहवाल १९५१ साली प्रसिद्ध झाला. अन्न आणि निवारा जितका आवश्यक, तितकाच मायेच्या एका माणसाचा अखंड सहवास मुलाच्या मनाला आवश्यक आहे, हे त्यांचे म्हणणे. या नात्याला इंग्रजीत अटॅचमेंट म्हणतात. आपण भावबंध म्हणू. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडातील खेड्यांत माता आणि तान्ह्या मुलांचे निरीक्षण केले. पुढे अमेरिकेत त्यांनी सुमारे वीस मिनिटांचा एक प्रयोग बसविला. वर्षभराच्या मुलाला अनोळखी खोलीत ठेवून आई थोडा वेळ बाहेर जाते व परत येते. आई गेल्यावर मूल किती रडते यापेक्षा ती परतल्यावर ते काय करते, हे अधिक महत्त्वाचे ठरले. काही मुले आईला बिलगतात, शांत होतात आणि पुन्हा खेळू लागतात. काही चिडतात, समजूत पटत नाही. काही मुले मात्र आईकडे पाहतच नाहीत. वरकरणी शांत, पण त्यांच्याही शरीरात ताण असतो. माझी नात रडायची थांबली, ती या तिसऱ्या प्रकारची शांतता होती. मी तिला समता समजलो.

येथे आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक शंका येईल, माझ्याही आली होती. आपला धर्म राग-द्वेष क्षीण करण्यास सांगतो, ममत्व सोडण्यास सांगतो. मग भावबंध दृढ करणारा हा उपचार आपल्या मार्गाच्या उलट नाही का? मला सुचलेले उत्तर नम्रपणे मांडतो. कल्पसूत्राच्या वाचनात आपण दरवर्षी ऐकतो, की मातेला पीडा होऊ नये म्हणून प्रभू गर्भात निश्चल राहिले. पण त्याने त्रिशलामाता शोकाकुल झाल्या. तेव्हा प्रभूंनी हालचाल केली आणि माता-पिता हयात असेपर्यंत दीक्षा न घेण्याचा अभिग्रह धरला. पुढे ज्येष्ठ बंधू नंदिवर्धन यांच्या विनंतीवरून ते आणखी दोन वर्षे घरी राहिले. मातेच्या शोकाला त्यांनी आर्तध्यान म्हणून दटावले नाही. गौतमस्वामींचा प्रभूंवरील राग हा त्यांच्या केवलज्ञानातील शेवटचा अडसर होता हे खरे. पण प्रभूंच्या निर्वाणाची वार्ता ऐकून त्यांनीही विलाप केला आणि त्यातूनच चिंतनाकडे वळले. वैराग्य ही अनुभवलेल्या प्रेमाच्या पुढची पायरी आहे. तेरा वर्षांच्या पोरीवर ती वरून लादता येत नाही.

आता उपचाराविषयी. भावबंधाच्या विचारावर आधारलेल्या उपचारपद्धती अनेक आहेत. आमच्या घरी जी वापरली गेली, ती कुमारवयीन मुलांच्या नैराश्यासाठी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे गाय डायमंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. तिचा साधारण कालावधी १२ ते १६ आठवड्यांचा. आधी 'मुलीला दुरुस्त करा' हा हेका सोडून 'नाते दुरुस्त करू या' यावर सर्वांची संमती घेतात. मग मुलाशी एकट्याने बोलून मनात काय सलते ते शब्दांत मांडण्याचे बळ देतात. पालकांशीही वेगळे बोलतात; त्यांचे स्वतःचे बालपण विचारतात आणि खुलासा न देता ऐकून घेण्याची तयारी करून घेतात. त्यानंतर दोघांना समोरासमोर बसवितात. शेवटी शाळा, मित्र, स्वतःचे निर्णय याकडे मुलाला वळवितात. आधार पक्का झाला, की मूल आपोआप बाहेर पाऊल टाकते.

माझी पाळी आली तेव्हा नात म्हणाली, "दादाजी, मला दादीसाठी रडायचे होते." खुलासा ओठांवर आला होता, तो मी गिळला. संवत्सरीला मी चाळीस वर्षे छापील कार्डे पाठवीत आलो. त्या दिवशी प्रथमच माझी नेमकी चूक उच्चारून मी तिला मिच्छामि दुक्कडं म्हटले. ती रडली, मीही रडलो. ती एका दिवसात बरी झाली नाही. औषध पुढे बरेच महिने डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू होते. पण त्या रात्री तिने ताट खोलीत नेले नाही.

योग्य उपचारक कसा शोधावा, याविषयी व्यवहाराच्या चार गोष्टी. मनोविकारतज्ज्ञ हे एम.डी. किंवा तत्सम पदवीचे डॉक्टर असतात. औषध तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते. क्रमांक विचारण्यात संकोच नको. समुपदेशकांसाठी २०२१ च्या कायद्याने नोंदणीची तरतूद केली आहे. तरीही त्यांचे शिक्षण आणि अनुभव अवश्य विचारावा. आपण ठाण धुऊन रंग पाहतो, मग येथे भिडस्तपणा कशाला? कोणत्या पद्धतीने काम करता, किती भेटी लागतील, शुल्क किती, घरच्यांना काय सांगाल आणि काय सांगणार नाही, हे पहिल्या भेटीत विचारावे. दोन-चार भेटींनंतरही मन मोकळे होत नसेल, तर तसे त्यांनाच सांगावे आणि दुसरे नाव मागावे. एक इशारा : 'अटॅचमेंट थेरपी' या नावाखाली मुलाला बळाने दाबून धरण्याचे प्रकारही झाले आहेत. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात २००० साली अशा प्रकारात दहा वर्षांच्या मुलीचा गुदमरून मृत्यू झाला. जेथे जबरदस्ती आहे तेथून तत्काळ उठावे.

गुप्ततेचा हक्क आपल्याला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिला आहे. पण त्याच्या कितीतरी आधी स्थानांग सूत्राने आलोचना ऐकणाऱ्याचे गुण सांगितले आहेत. त्यांत 'अपव्रीडक' म्हणजे सांगणाऱ्याची लाज दूर करणारा, आणि 'अपरिस्रावी' म्हणजे ऐकलेले बाहेर झिरपू न देणारा, हे दोन गुण आहेत. उपचारकाची याहून नेमकी कसोटी मला कोठे आढळली नाही. उपचारक गुरूच्या जागी नाही. पण मनातले शल्य झाकून ठेवू नये, ही शिकवण आपल्या घरचीच आहे.

कोणाच्या मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर थांबू नये. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. ही शासकीय सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.

विश्वस्त मंडळाला एक विनंती. वैद्यकीय साहाय्य निधीतून मानसोपचारासाठीही मदत द्यावी, आणि अर्जदाराचे नाव दोनच विश्वस्तांपुरते राहावे. त्या निधीसाठी पहिली पावती माझ्या नावाने फाडावी. आणि घराघरांतील वडीलधाऱ्यांना हात जोडून सांगतो : नातवंड रडत आले, तर त्या क्षणी सिद्धांत सांगू नका. आधी जवळ घ्या.

बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास मिच्छामि दुक्कडं. जय जिनेंद्र.