ब्रेकचे तेल गेले कोठे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा मी मोटारीच्या ब्रेकवर बोलणार म्हटल्यावर काही जणी हसल्या. हसू द्या. आपल्यापैकी कितीतरी जणी आता स्वतः गाडी चालवितात, आणि ज्या चालवीत नाहीत त्या मुलाबाळांना घेऊन तीत बसतातच.

गोष्ट आमच्याच घरची आहे. दिवाळीत अंगणात रांगोळी काढताना गाडीच्या मागच्या डाव्या चाकापाशी एक ओलसर डाग दिसला. बोट लावून पाहिले तर पाणी नव्हे, बुळबुळीत काहीतरी होते. दोन दिवसांनी गाडीतला ब्रेकचा लाल दिवा लागला. हँडब्रेक सोडलेला असूनही तो दिवा जळत राहिला, तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे. हे गाडी एका गॅरेजात घेऊन गेले. तेथे डबीत तेल ओतले, दिवा विझला, आणि आता काळजी नाही असे सांगून गाडी परत दिली. डागाचे मी पुन्हा विचारले नाही, ही माझी चूक.

भाऊबीज झाली आणि नातवंडांना घेऊन आम्ही चिखलदऱ्यास गेलो. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आणि परतवाडा त्याच्या निम्म्याहूनही खाली. म्हणजे परतताना सारा वेळ पाय ब्रेकवर. एका वळणावर हे एकदम गप्प झाले. पेडल जवळजवळ तळाला जात होते. ह्यांनी ते भराभर दोनचार वेळा दाबले, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आणली, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या कडेला लावून गाडी थांबविली. मागे मुले गाण्याच्या भेंड्या खेळत होती. त्यांना काही कळले नाही. माझे हात मात्र परतवाडा येईपर्यंत थरथरत होते.

गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून खाली आणली. तिथला कारागीर तरुण होता. तेल नुकतेच भरले होते, असे मी सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "तेल टाकाले काय लागते, काकू? पह्यलं गेलं कोठी, थे पाहा लागते."

ब्रेकचे काम होळीच्या पिचकारीसारखे आहे. दोन पिचकाऱ्या नळीने जोडून आत तेल भरले, की एकीचा दट्ट्या दाबताच दुसरीचा सरकतो. पेडलाकडची पिचकारी म्हणजे मास्टर सिलिंडर, बाकीच्या चाकांकडच्या. तेल दबत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. पण तेल गळून आत हवा शिरली की जोर हवेला दाबण्यातच जातो, आणि पेडल उशीसारखे मऊ लागते. हल्लीच्या मोटारींत तेलाच्या दोन वेगळ्या वाटा असतात. एक रिकामी झाली तरी दुसरी थोडेफार काम करते. त्या दिवशी आम्ही वाचलो ते त्यामुळे.

पॅड झिजतात तसे डबीतले तेल थोडे खाली जाते, ते स्वाभाविक आहे. महिन्याभरात खालच्या रेघेशी आले, तर ते कोठेतरी गळतेच आहे. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा घालून ठेवा. एअरकंडिशनचे पाणी पडते ते नुसते पाणी. आपल्या उन्हाळ्यात त्याने घाबरू नका. इंजिनचे ऑइल काळपट असते. ब्रेकचे तेल पातळ, फिकट पिवळसर, आणि बहुधा चाकाच्या आतल्या बाजूस आढळते. कोठेच ओल नाही, पण इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरले असता ते हळूहळू खाली जाते, तर दोष मास्टर सिलिंडरच्या आत आहे असा संशय घ्यावा.

आमच्या गाडीचा मागचा ड्रम उघडला तर चाकाच्या सिलिंडरमधले रबर झिजलेले आणि लायनर तेलाने माखलेले. पेट्रोलने धुऊन तेच बसवू या, असे ह्यांनी सुचविले. कारागीर ऐकेना, आणि त्याचे बरोबर होते. लायनर तेल पितो, मग धरत नाही. आणि बदलायचे तर दोन्ही चाकांचे, नाहीतर गाडी एकीकडे ओढते. नवा सिलिंडर बसल्यावर हवा काढण्यासाठी त्याने मलाच आत बसविले. "दाबा, धरा" म्हटले की मी पेडल दाबून धरावे, त्याने चाकाकडचे निपल उघडून बुडबुड्यांचे तेल काढावे, निपल बंद करावे, मगच "सोडा". आधी सोडले तर हवा परत आत! अर्धा तास मी एवढेच केले. डबी मध्ये रिकामी होऊ नये म्हणून हे तेल घालीत होते.

तेलाविषयी थोडे. पापड जसे सादळतात तसे हे तेलही हवेतली ओल ओढते. डॉट ४ जातीचे नवे तेल २३० अंशांच्या आत उकळता कामा नये. ओल शिरल्यावर ही मर्यादा १५५ वर येते, आणि घाटात ब्रेक तापल्यावर तेल उकळले की आत वाफ. म्हणून उघडी बाटली वर्षभर जपून ठेवू नका आणि दोन वर्षांनी तेल बदलून घ्या. इंजिनचे ऑइल त्यात चुकूनही घालू नये, रबर फुगून निकामी होते. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा.

आपला अमरावती–अकोला रस्ताही आता जुना राहिला नाही. जून २०२२ मध्ये त्यावर ७५ किलोमीटर डांबरीकरण सुमारे १०५ तासांत झाले आणि गिनेसच्या पुस्तकात नोंद झाली. घरची मंडळी आता मूर्तिजापूर केव्हा गेले ते कळत नाही, असे कौतुकाने सांगतात. मला त्या वेगात डबीतल्या खालच्या रेघेचीच आठवण होते.

आमची गाडी बाहेर फाटकाशी उभी आहे. चहा झाल्यावर बॉनेट उघडून ती डबी दाखविते. चष्मे मात्र आपापले आणा, रेघ बारीक आहे.