आदर्श निवडण्याचा अधिकार

(उपासक-उपासिकांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वकिलीच्या निमित्ताने मला अनेक घरी जावे लागते. नुकतेच धर्मांतर केलेल्या घरांत एक प्रश्न मला वारंवार विचारण्यात येतो. घरातील वडीलधारी माणसे हलक्या आवाजात म्हणतात, "वकीलसाहेब, जुने देव आम्ही विसर्जित केले आणि तेथे तथागतांची तसबीर लावली. पण शेजारी म्हणतात, तुम्ही फक्त तसबीर बदललीत. त्यांना काय उत्तर द्यावे?" हे उत्तर शोधण्यासाठी आज मी आपणांस एका दूरच्या माणसाची हकीकत सांगणार आहे. तो बौद्ध नव्हता आणि दलितही नव्हता. तो अमेरिकेतील बोस्टन शहरचा ख्रिस्ती धर्मोपदेशक होता. त्याचे नाव राल्फ वाल्डो इमर्सन.

इमर्सनचा जन्म १८०३ सालचा. वडील धर्मोपदेशक, आजोबाही धर्मोपदेशक. त्याचा थोरला भाऊ विल्यम धर्मशास्त्र शिकण्यासाठी जर्मनीत गेला. तेथे त्याच्या मनात धर्माविषयी शंका उत्पन्न झाल्या. त्याने महाकवी गटे याची भेट घेऊन सल्ला विचारला. शंका मनातच ठेवाव्यात आणि घरच्यांची निराशा न करता धर्मोपदेशकाचा व्यवसाय करावा, असा सल्ला त्यास मिळाला. विल्यमने तो मानला नाही. परत येऊन तो वकील झाला. माझ्या व्यवसायबंधूंपैकी हा एक मला विशेष आदरणीय वाटतो.

धाकटा राल्फ मात्र १८२९ साली बोस्टनच्या एका प्रतिष्ठित चर्चचा धर्मोपदेशक झाला. हे चर्च युनिटेरियन, म्हणजे ख्रिस्ताचे देवत्व न मानणारे व त्या काळच्या मानाने पुष्कळ उदार होते. तरीही तेथे प्रभुभोजनाचा विधी चालत असे. येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस वाटावयाचा, असा तो विधी. हा विधी कायमचा चालावा असा येशूचा हेतू नव्हता, असे इमर्सनचे अभ्यासाअंती मत झाले. भाकर व द्राक्षारस वगळून स्मरण करू, असे त्याने सुचविले. चर्चने ते नाकारले. ९ सप्टेंबर १८३२ रोजी त्याने व्यासपीठावरून आपले मत स्पष्टपणे मांडले आणि राजीनामा दिला. त्याच्या मनात कोणाविषयी द्वेष नव्हता. जे मनास पटत नाही ते हाताने करावयाचे नाही, एवढाच त्याचा आग्रह होता.

पुढे १५ जुलै १८३८ रोजी हार्वर्डच्या धर्मशास्त्र विद्यालयात त्याचे भाषण झाले. येशू हा माणसाची थोरवी ओळखणारा खरा माणूस होता. परंतु प्रचलित ख्रिस्ती धर्माने त्याच्या व्यक्तित्वाचे अवास्तव स्तोम माजविले आणि त्याचा उपदेश मागे पडला, असा त्या भाषणाचा रोख होता. धर्मपंडित खवळले. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे हार्वर्डने त्यास भाषणासाठी पुन्हा बोलाविले नाही.

आता वकील या नात्याने एक गोष्ट आपल्या नजरेस आणून देतो. इमर्सन हार्वर्डमध्ये बोलत होता, त्याच दिवसांत अब्नेर नीलँड नावाचा एक वृद्ध संपादक बोस्टनच्या तुरुंगात होता. तोही पूर्वी धर्मोपदेशकच होता. त्याचे वृत्तपत्र कष्टकरी लोक वाचीत. आपण ईश्वर मानीत नाही अशा अर्थाचे त्याने त्यात छापले, म्हणून त्याच्यावर ईश्वरनिंदेचा खटला भरण्यात आला. राज्याच्या घटनेत धर्मस्वातंत्र्याचे कलम होते. तरीही सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी, हे कलम ईश्वरनिंदेच्या कायद्याच्या आड येत नाही, असा निकाल दिला. न्यायमूर्ती मॉर्टन यांनी भिन्नमत नोंदविले, परंतु बहुमतापुढे ते टिकले नाही. नीलँडला साठ दिवसांचा तुरुंगवास भोगावा लागला. त्याला माफी मिळावी म्हणून केलेल्या अर्जावर इमर्सनचीही सही होती, हे त्यास भूषणावह आहे.

एकाच राज्यात, एकाच उन्हाळ्यात, एकाचे केवळ निमंत्रण गेले आणि दुसऱ्याचे स्वातंत्र्य गेले. इमर्सनला मान होता, विद्वत्ता होती आणि दिवंगत पत्नीच्या माहेरच्या मालमत्तेतून बेताचे उत्पन्नही होते. नीलँडपाशी यातले काही नव्हते. कागदावरचा हक्क सर्वांना सारखा असतो, पण तो बजावण्याची किंमत सारखी नसते. हे आपल्यास कोणी शिकवावयास नको. १९५० च्या आदेशाने ठरविलेला अनुसूचित जातीचा दर्जा धम्मदीक्षा घेतलेल्यांस १९५६ नंतर केंद्राकडून मिळेनासा झाला. तो १९९० सालच्या दुरुस्तीने मिळाला. चौतीस वर्षे आपल्या माणसांनी ही किंमत मोजली आणि तरीही ती मागे फिरली नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जुने सोडल्यावर इमर्सनने काय धरले? त्याने आपले आदर्श स्वतः निवडले. प्लेटो, स्वीडनबोर्ग, माँतेन, शेक्सपिअर, नेपोलियन आणि गटे या सहा पुरुषांवर त्याने व्याख्याने दिली. १८५० साली त्यांचे पुस्तक निघाले. भावाला मौनाचा सल्ला देणारा गटेही त्यांत आहे, हे लक्षात घ्या. तथापि इमर्सनने या सहांपैकी कोणाचीही पूजा मांडली नाही. प्रत्येकाचा गुण सांगितल्यावर त्याचा दोषही त्याने सांगितला. थोर माणसाचा उपयोग आपण त्याच्यापुढे लोटांगण घालण्यात नसून, त्याच्या आधाराने स्वतः उभे राहण्यात आहे, हे त्याचे सूत्र होते. त्याच्या यादीत एकही स्त्री नाही आणि एकही गुलाम नाही, ही उणीव आपण त्याच्याच कसोटीने दाखविली पाहिजे.

इमर्सनच्या संपादकत्वाखाली 'द डायल' हे त्रैमासिक निघत असे. जानेवारी १८४४ च्या अंकात फ्रेंच पंडित बर्नूफ यांच्या भाषांतरावरून घेतलेला बुद्धाचा उपदेश इंग्रजीत छापला गेला. स्वतः आदर्श शोधणाऱ्यांपर्यंत तथागत असे त्या दूर देशीही पोहोचले.

बाबासाहेबांनी १९५४ साली मुंबईत जाहीरपणे सांगितले की, बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले हे आपले तीन गुरू होत. यांपैकी कबीर त्यांना घरातूनच मिळाला होता, कारण त्यांचे वडील कबीरपंथी होते. बुद्धाची ओळख मॅट्रिकनंतर केळुसकर गुरुजींनी भेट दिलेल्या चरित्रातून झाली. म्हणजे वारशाने आलेले सर्वच टाकावयाचे असे नाही आणि नवे म्हणून सर्वच घ्यावयाचे असेही नाही. पारखून घ्यावयाचे. बाबासाहेबांनी तथागतांना मोक्षदाता म्हटले नाही, मार्गदाता म्हटले. मार्गदात्याला प्रश्न विचारता येतात.

इमर्सन मात्र एकटा निघाला आणि एकटाच राहिला. त्यास ते परवडले. आपणांस परवडणारे नाही. एकट्या घराला गावात वाळीत टाकता येते, संघटित वस्तीला टाकणे कठीण जाते. म्हणून निवड प्रत्येकाने स्वतःच्या बुद्धीने करावी, परंतु तिचे रक्षण संघाने आणि कायद्याने करावे. घटनेच्या २५ व्या कलमाने आपल्यास सदसद्‌विवेकाचे स्वातंत्र्य दिले आहे. ते कलम घरातील प्रत्येकास माहीत असले पाहिजे.

तेव्हा शेजाऱ्यास काय सांगाल? असे सांगा की, फरक तसबिरीत नाही. पूर्वीच्या देवाला आम्ही प्रश्न विचारू शकत नव्हतो, या शास्त्याला विचारू शकतो. आणि आम्ही त्याला का निवडले हे आम्हांला सांगता येते. पण हे खरे ठरावयाचे असेल तर घरी जाऊन एक काम करा. उद्या तुमचा मुलगा अथवा मुलगी "बुद्धच का?" असे विचारील, तेव्हा "आपण बौद्ध आहोत म्हणून" असे सांगून त्याला गप्प बसवू नका. तसे केलेत तर शेजाऱ्याचे म्हणणे खरे ठरेल. त्याला जवळ बसवा, कारणे सांगा, त्याच्या शंका ऐकून घ्या. आपण जे निवडून मिळविले, ते आपल्या मुलांनाही निवडूनच मिळाले पाहिजे.

जय भीम.