वृद्ध आईबापांची शुश्रूषा आणि तिचा खर्च

हिंगोलीहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कळमनुरी तालुक्यांत, डोंगरकडा हें गांव आहे. केळी आणि हळद हीं या टापूंतील पैशाचीं पिकें. हळद लाविल्यापासून ती काढून, शिजवून, वाळवून बाजारांत नेईपर्यंत नऊदहा महिने लोटतात. तेव्हां कोठें शेतकऱ्याच्या हातीं रोकड येते. परंतु वृद्ध पित्याला अर्धांगवायूचा झटका येतो, तो हंगाम पाहून येत नाहीं. वर्षांतून एकदां येणारा पैसा आणि रोज लागणारें औषध, यांचा मेळ कसा घालावयाचा, हा अशा गांवांतील कित्येक घरांपुढील प्रश्न आहे.

या खर्चाचे दोन भाग पडतात. पहिला रुग्णालयाचा. तो डोळ्यांत भरतो. पण त्याला शेवट असतो आणि आतां त्याला सरकारी आधारहि आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचें संरक्षण २०२४ पासून कुटुंबामागें दरसाल ५ लाख रुपयांपर्यंत वाढलें. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरापासून, सत्तरी गांठलेल्यांना उत्पन्नाची अट न घालतां आयुष्मान भारत योजनेंतहि तेवढेंच संरक्षण मिळूं लागलें. अर्थात् हा आधार योजनेंतील रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांनाच मिळतो. सबब रोग्याला गाडींत घालण्यापूर्वीं कार्ड आणि रुग्णालय यांची चौकशी करणें शहाणपणाचें.

दुसरा भाग रोगी घरीं आल्यावर सुरू होतो. दिवसांतून अनेक वेळां कूस पालटणें, अंथरुणाला खिळून पाठीस जखमा होऊं न देणें, हातापायांना व्यायाम देणें, भरविणें, मलमूत्र काढणें: ही शुश्रूषा महिनोन् महिने चालते. तिचें बिल कोणी पाठवीत नाहीं, म्हणून तिला किंमत नाहीं असें घरांतील माणसें समजतात. वस्तुतः ती किंमत कोणी तरी देतच असतें. बहुधा ती घरची सून देते. तिची शेतांतील मजुरी बुडते, झोप बुडते, माहेरीं जाणें बंद होतें; आणि पुण्यामुंबईस नोकरी करणारा दीर मात्र औषधापुरते पैसे पाठवून आपण ऋणमुक्त झालों असें मानतो.

कायदा याविषयीं काय म्हणतो? हिंदु दत्तक व निर्वाह कायदा १९५६ चा आहे. त्याप्रमाणें वृद्ध किंवा दुर्बल आईबापांना स्वतःचा निर्वाह करितां येत नसेल, तर तो मुलानें तसाच मुलीनेंहि करावयाचा. आणि निर्वाह या शब्दांत वैद्यकीय उपचार येतात. मुलगी लग्न होऊन परघरीं गेली म्हणजे सुटली, हा समज सर्वोच्च न्यायालयानें १९८७ सालीं खोडून काढला. कल्याण येथील एका विवाहित डॉक्टर मुलीविरुद्ध तिच्या पित्यानें फौजदारी प्रक्रिया संहितेखालीं पोटगी मागितली होती. साधन असलेल्या विवाहित मुलीवरहि ही जबाबदारी आहे, असा निर्णय झाला. पुढें २००७ च्या कायद्यानें ज्येष्ठ नागरिकांसाठीं निर्वाह न्यायाधिकरणें आलीं. उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी तेथें अर्ज ऐकतो. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत, फार तर आणखी तीस दिवसांत, निकाल व्हावा असें बंधन आहे. मात्र निर्वाहाची कमाल मर्यादा त्या कायद्यानें महिना १० हजार रुपये ठरविली.

लातूर जिल्हा परिषदेनें २०२० च्या अखेरीस याहून पुढचें पाऊल टाकलें. आईबापांची हेळसांड करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारांतून ३० टक्के रक्कम कापून ती आईबापांच्या खात्यांत जमा करावी, असें तिनें ठरविलें. तथापि पगार ज्याला नाहीं, त्याच्याकडून काय कापणार?

आणखी एक विसंगति आहे. २००७ च्या कायद्यांत अपत्य म्हणजे मुलगा, मुलगी, नातू आणि नात. सुनेचें नांव त्यांत नाहीं. जिच्यावर कायद्यानें बोजा टाकला नाहीं, तीच तो उचलीत असते. आणि ज्यांच्यावर टाकला आहे, ते लांबून प्रकृति विचारतात.

तेव्हां भावंडांनीं कचेरीची पायरी चढण्यापूर्वीं घरांतच एक वही घालावी. एका बाजूस औषध, गाडीभाडें, डॉक्टर. दुसऱ्या बाजूस शुश्रूषेचे दिवस, आणि ते बाहेरचें माणूस ठेवल्यास जो रोज द्यावा लागला असता त्या दरानें मांडावे. मग ज्याला पैसा देतां येत नाहीं त्यानें दिवस द्यावे, ज्याला दिवस देतां येत नाहींत त्यानें पैसा द्यावा. मुलीलाहि या हिशेबांत बोलवावें आणि जमिनीच्या वांटणींतहि. हळदीची पट्टी आली कीं, औषधाची रक्कम आधीं वेगळी काढावी.

हिशेब मांडल्यानें माया आटते, अशी भीति पुष्कळांना वाटते. अनुभव उलट आहे. हिशेब न मांडल्यामुळें जो एकटा थकतो, त्याचीच माया आधीं आटते. आणि त्याचा कडवटपणा अखेर अंथरुणावरच्या म्हाताऱ्याच्याच वाट्यास येतो.