धरणीमातेची गाडी

आज आम्ही तुम्हाला दोन हजार वर्षं मागे नेणार आहोत, युरोपात. आज जिथे जर्मनी आणि डेन्मार्क आहेत, तिथे तेव्हा जर्मनिक टोळ्या राहत. त्यांच्या श्रद्धांची बरीचशी माहिती मिळते ती टॅसिटस या रोमन इतिहासकाराच्या ‘जर्मानिया’ या पुस्तकातून. ते इ.स. ९८ च्या सुमाराचं. म्हणजे ही परक्याने लिहिलेली हकीकत, हे ध्यानात ठेवूया.

देवाला भिंतींत कोंडू नये, असं हे लोक मानत. झाडांची राई हेच त्यांचं देऊळ. सेमनोन टोळीच्या राईत स्वतःला दोरीने बांधून घेतल्याशिवाय कुणी जात नसे. आत चुकून पडलं, तर उठायचं नाही, लोळतच बाहेर यायचं. देवापुढे माणूस लहान, हे दाखवायची ही रीत. देवराईत चपला काढून जाणाऱ्या आपल्या बायांना यातला भाव लगेच कळेल.

उत्तरेकडच्या सात टोळ्या नेर्थसला पूजत. नेर्थस म्हणजे धरणीमाता. एका बेटावरच्या राईत तिची गाडी कापडाने झाकून ठेवलेली असे. तिला हात लावायचा तो एकट्या पुजाऱ्याने. देवी आली असं त्याला जाणवलं की गाडीला गायी जुंपायच्या आणि ती गावोगाव न्यायची. तेवढे दिवस लढाई बंद, हत्यारं कुलपात, जिथे देवी जाईल तिथे सण. डेन्मार्कमध्ये डायबियर्गच्या दलदलीत त्या काळाच्या आसपासच्या दोन नक्षीदार गाड्या सापडल्या आहेत. त्या नेर्थसच्याच असं नाही, पण अशा गाड्या होत्या, हे त्यावरून दिसतं.

आता पुढचं ऐका. फेरी संपली की गाडी, कापड आणि देवी तळ्यात धुतली जाई. धुणारे असत गुलाम. काम झालं की त्यांना त्याच तळ्यात बुडवून मारत.

‘जुने लोक निसर्गाला किती मानायचे’ असं सांगताना हे तळं बरेचदा गाळलं जातं. आम्हाला ते गाळायचं नाही. झाडाला हात जोडणं, देवीच्या नावाने हत्यार खाली ठेवणं, हे घेण्यासारखंच आहे. पण धरणीला आई म्हणायचं, तर तिची गाडी धुणाराही तिचंच लेकरू. आपल्याकडेही जत्रा उठली की पत्रावळी कोण उचलतं, ओढा कोण साफ करतं, आणि त्यांना पंगतीत जागा मिळते का? यावर घरी जरूर बोला.

पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. नमस्कार.