साठीनंतरची पाटी

(मारुंजी, ता. मुळशी येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे एक लहानसे गाव आहे. २०१६ साली शिवजयंतीच्या निमित्ताने त्या गावात शिवचरित्राचे वाचन झाले. वाचणाऱ्या स्त्रिया तरुण होत्या. ऐकणाऱ्यांमध्ये साठी-सत्तरी ओलांडलेल्या आजीबाई होत्या. आपल्यालाही हे वाचता आले असते तर, अशी हळहळ त्यांनी बोलून दाखवली आणि ती जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या मनाला लागली. एखाद्याने सहानुभूतीचे चार शब्द बोलून विषय सोडून दिला असता. बांगर यांनी महिनाही उलटू दिला नाही. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टचे साहाय्य मिळवून ८ मार्च २०१६ रोजी त्यांनी 'आजीबाईंची शाळा' उघडली.

साठ ते नव्वद वयाच्या या विद्यार्थिनी गुलाबी नऊवारीच्या गणवेशात, पाटी-दप्तर घेऊन दुपारी शाळेत येऊ लागल्या. दुपारची वेळ कुणा तज्ज्ञाने शोधून काढलेली नव्हती. जेवणे उरकल्यानंतर आणि गुरे परतण्यापूर्वी घरातील म्हातारीला जी दोन घटका उसंत मिळते, तीच ही वेळ. शिकवणारी गावातलीच सून आणि तिच्यासमोर बसलेल्यांत तिची स्वतःची सासू! सुनेने सासूला 'अ' गिरवायला लावावा आणि सासूने तो निमूटपणे गिरवावा, हे दृश्य आपल्या कुटुंबव्यवस्थेची खिल्ली उडवणाऱ्यांनी एकदा तरी पाहायला हवे.

वृत्तपत्रांनी या शाळेची छायाचित्रे छापली, परदेशातील पत्रकारही तेथे येऊन गेले. कौतुक पुष्कळ झाले. मात्र त्या आजीबाईंना सही कशासाठी हवी होती, याचा विचार त्या मानाने थोडाच झाला. मारुंजीत बसून तो करणे अधिक अगत्याचे आहे.

गेल्या पंचवीस वर्षांत हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाने या पंचक्रोशीचे रूप पालटले. जेथे बांध होते तेथे इमारती आल्या आणि गुंठ्याचे मोल पूर्वी एकराला नव्हते इतके झाले. अशा वेळी घरातील वृद्धेपुढे कागद येतो. कधी ते कुलमुखत्यारपत्र असते, कधी खरेदीखत, तर कधी हक्कसोडपत्र. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली आणि २००५ साली ती केंद्रीय कायद्यात आली. कायद्याने हक्क दिला, पण तो सोडून देणारा कागद वाचता येत नसेल तर त्या हक्काचे मोल काय? भावाला प्रेमाने हिस्सा सोडणारी बहीण आपल्या समाजात आहे आणि तिच्या औदार्याला कुणी नावे ठेवू नयेत. परंतु समजून सोडणे आणि न वाचता अंगठा उठवणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिलीत त्याग आहे, दुसरीत नुसती शाई.

निरक्षर म्हणजे अज्ञानी, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली, तेव्हा सारा महाराष्ट्र थक्क झाला. ती गाणी टिकली, कारण घरातल्या लिहिणाऱ्या हातांनी ती उतरवून घेतली. ज्यांच्या घरी असे हात नव्हते, अशा किती बहिणाबाई या मावळपट्ट्यात जात्यावर गाऊन गेल्या असतील!

हे झाले मूळ गावाचे. याच मारुंजीत आता दुसरेही एक गाव वसले आहे आणि ते उंच इमारतींमध्ये राहते. मुलाला किंवा मुलीला हिंजवडीत नोकरी लागली, नातवंड झाले, म्हणून अमरावती, नांदेड, सोलापूर येथील बिऱ्हाड आवरून आलेले आई-वडील तेथे आहेत. कुणी शिक्षक होते, कुणी बँकेत, कुणी पाटबंधारे खात्यात. नातू पाळण्यात असेतो दिवस पुरत नाही. तो शाळेत जाऊ लागला की घड्याळ सरता सरत नाही. सायंकाळी उद्यानातील बाकावर बसणे, हास्यसंघ, वाढदिवसाचा केक, वर्षातून एक सहल. हे वाईट आहे असे कुणीच म्हणणार नाही. विरंगुळा हवाच. पण ज्याने पस्तीस वर्षे वर्गात गणित शिकवले, त्याच्याकडून समाजाला केवळ टाळ्या वाजवून हसण्याचीच अपेक्षा असावी काय?

आपल्या परंपरेची ती अपेक्षा नव्हती. वानप्रस्थ म्हणजे घरातून निवृत्ती एवढेच लोकांच्या ध्यानात राहिले. त्या आश्रमातही स्वाध्याय सांगितला आहे, याचा मात्र सोयिस्कर विसर पडला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९३६ साली महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले, ते शाळा नसलेल्या खेड्यांसाठी. तेव्हा त्यांचे वय होते ७८. महिला विद्यापीठ त्याआधीच उभे राहिले होते. सन्मानाने विसावा घ्यायला कुणाचीच हरकत नव्हती. वेदमूर्ती पंडित सातवळेकर १९४८ साली औंध सोडून पारडीला गेले, तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. स्वाध्याय मंडळाचा सारा व्याप त्यांनी तेथे पुन्हा मांडला आणि पुढची वीस वर्षे चालवला. सामान्य गृहस्थाला घरबसल्या संस्कृत शिकता यावे, यासाठी त्यांनी रचलेले पाठ घेऊन कित्येकांनी उतारवयात अभ्यास केला.

पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या पौरोहित्य वर्गांतून संसाराची जबाबदारी हलकी झालेल्या अनेक स्त्रिया शिकल्या आणि आज त्या घरोघरी संस्कार करतात. २०२० च्या टाळेबंदीत गीता परिवाराने गीतापठणाचे ऑनलाइन वर्ग सुरू केले आणि ज्येष्ठांनी त्यांना मोठा प्रतिसाद दिला. या सर्वांत एक समान धागा दिसतो. शिकणाऱ्याकडून काहीतरी मागितले गेले. पाठांतर, परीक्षा, उच्चाराची शुद्धता, पुढे जाऊन दुसऱ्याला शिकवणे, असे काही ना काही. 'आजोबा, तुम्हाला जमेल तेवढेच करा' असे लाडाने म्हणणाऱ्या वर्गातून म्हातारी माणसे चार दिवसांत गळतात, कारण त्यांना तो लाड ओळखू येतो.

आणि इमारतींमधील सुशिक्षित ज्येष्ठांनीही थोडे अंतर्मुख व्हावे. पदवी आहे, निवृत्तिवेतन आहे, पण भ्रमणध्वनीवर आलेला सांकेतिक क्रमांक नातवाला दाखवल्याविना वीजबिल भरता येत नाही. स्वतःला पोलीस म्हणवणारा कुणी तोतया दृश्यकॉलवर 'डिजिटल अरेस्ट'ची धमकी देतो आणि आयुष्याची पुंजी घटकाभरात घेऊन जातो. असे काही आपल्या कायद्यात नाही, हे ज्ञान आणि १९३० हा तक्रारीचा क्रमांक, या दोन गोष्टी प्रत्येक ज्येष्ठाला ठाऊक असायला हव्यात. गावातली आजी कागदापुढे जितकी परावलंबी आहे, तितकेच हे आजोबा पडद्यापुढे आहेत. अंगठा दोघांचाही आहे. एकाचा कागदावर, दुसऱ्याचा काचेवर.

मग या दोन गावांची गाठ का घालू नये? केंद्र शासनाचा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आखला गेला. पंधरा वर्षांवरील कुणीही त्यात शिकू शकतो; वयाची वरची मर्यादा नाही. शिकवणारे मानधनावर नसून स्वयंसेवक असावेत, ही त्यातील मुख्य कल्पना. शेवटी वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची दीडशे गुणांची चाचणी असते. निरंतर शिक्षण हे या कार्यक्रमाचे एक स्वतंत्र अंगच आहे. म्हणजे चौकट तयार आहे. शिकवणारे वरच्या मजल्यांवर आहेत आणि शिकणाऱ्या खाली गावठाणात. मध्ये आहे ते इमारतीचे फाटक आणि तेथील पहारेकरी.

हे काम सोपे आहे असे मात्र कुणी समजू नये. पहिला अडथळा बुद्धीचा नसून डोळ्यांचा असतो. मोतीबिंदू झालेल्या आजीला फळ्यावरचे अक्षर दिसत नाही आणि तिला वाटते, आपले डोकेच चालत नाही. म्हणून आधी नेत्रतपासणी आणि चष्मा, मग पाटी. गुडघे धरलेल्यांसाठी सतरंजीऐवजी खुर्ची. लहान मुलांचे पुस्तक त्यांच्या हाती देऊ नये. कमळ आणि गवत यांत त्यांना काय स्वारस्य? इंद्रायणीकाठच्या आळंदी-देहूच्या छायेतील हा मुलूख. ज्या आजीला हरिपाठ मुखोद्गत आहे, तिच्यापुढे मोठ्या टायपात छापलेला हरिपाठ ठेवावा आणि म्हणताना ओळीवरून बोट फिरवायला सांगावे. शब्द तिच्या जिभेवर आहेतच. त्यांची आकृती काय, एवढेच तिला शिकायचे असते. पंधरवड्यात दहा-वीस शब्द ती परक्या पानावरही ओळखू लागली, की उरलेले काम धीराचे.

मोबदल्यात तिच्याकडून घेण्यासारखेही पुष्कळ आहे. या ओढ्याचे जुने नाव काय, कोणत्या झाडाची साल कशावर देत, ग्रामदैवताच्या उत्सवात कोणत्या घराचा कोणता मान आणि जात्यावरची कोणती ओवी अजून आठवते. निवृत्त शिक्षकाने हे वहीत उतरवून घ्यावे. नांदेडहून आलेल्या माणसाला मारुंजी आपली वाटू लागण्याचा याहून सरळ मार्ग नाही.

जागा देवळाच्या सभामंडपाची, वार मंगळवार आणि शुक्रवार, वेळ दुपारी अडीच ते चार. पहिल्या महिन्यात दहा जणी आल्या तरी वर्ग भरला असे समजावे. पहिल्या दिवशी अ-आ-ई काढू नये. प्रत्येकीला तिच्या शेताचा सातबारा घेऊन यायला सांगावे आणि त्या उताऱ्यावर तिचे नाव कोठे लिहिले आहे, की लिहिलेलेच नाही, ते तिला बोटाने दाखवावे.