खांद्याचे दुखणे अंगावर काढू नये
(शिक्षक संमेलनातील भाषण)



आजच्या संमेलनात अध्यापनपद्धतीविषयी पुष्कळ विवेचन झाले. मी मात्र खांद्याविषयी चार शब्द बोलणार आहे. विषय डॉक्टरांचा खरा. तथापि खेड्यात दुखण्याचा पहिला सल्ला पुष्कळदा गुरुजींनाच विचारला जातो. रावेर-यावलकडे केळीचे घड गाडीत चढविणाऱ्या मजुराचे पोट हातावर असते. तो हात उचलेनासा झाला, की त्याच्या मुलाचे नाव आपल्या हजेरीपटावर उरते आणि मूल शेतात जाते. म्हणून हा प्रश्न शाळेचाही आहे.

प्रथम सांध्याची रचना पाहू. मांडीच्या हाडाचे डोके खोल खोबणीत बसलेले असते. दंडाच्या हाडाचे डोके मात्र उथळ खोबणीवर केवळ टेकलेले असते. त्यामुळेच हात चहूकडे फिरतो, पण सांध्याचे स्थैर्य कमी होते. ते राखण्याचे काम चार लहान स्नायू करतात. त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणारे चिवट पट्टे, हाडाच्या डोक्याला वेढून असतात. या वेढ्यास ‘रोटेटर कफ’ असे नाव आहे. वाढत्या वयाने, जड ओझ्याने अथवा हात वारंवार डोक्यावर नेण्याने या कंडरा झिजतात व प्रसंगी फाटतात.

याची लक्षणे ओळखता येतात. वेदना खांद्याच्या बाहेरच्या अंगास व दंडात जाणवते. हात बाजूने वर नेताना मध्येच कळ येते. रात्री त्या कुशीवर निजवत नाही. फळ्याच्या वरच्या ओळी लिहिणे किंवा वेणी घालणे कठीण होते. रोग्यास स्वतः हात उचलता येत नाही, परंतु दुसऱ्याने हळूच उचलल्यास तो वर जातो, अशा वेळी कंडरेच्या इजेचा संशय घ्यावा. दुसऱ्यानेही उचलता येत नसेल, तर सांधा आखडलेला असण्याचा संभव अधिक. हा विकार बहुधा ४० ते ६० या वयात होतो व मधुमेह असलेल्यांत विशेष आढळतो. सबब रक्तातील साखर तपासून घ्यावी. अंतिम निदान अर्थातच डॉक्टरांनी करावयाचे.

मग करावे काय? खांद्यास हिसके देऊन घेऊ नयेत. हात महिनोन्‌महिने गळ्यात बांधूनही ठेवू नये. तशाने सांधा आखडतो. ओझ्याचे व डोक्यावर हात नेण्याचे काम काही दिवस थांबवावे, हलकी हालचाल मात्र चालू ठेवावी. निरोगी हात टेबलावर टेकून वाकावे व दुखरा हात लोंबता सोडून लंबकासारखा हळू हलवावा. पुढील व्यायाम तज्ज्ञांकडून शिकावेत. पुष्कळांस व्यायामानेच आराम पडतो, मात्र त्यास आठवडे, कधी महिनेही लागतात. काहींना शस्त्रक्रिया करावी लागते. तिचेही भय बाळगू नये. सचिन तेंडुलकर यांच्या उजव्या खांद्यावर मार्च २००६ मध्ये लंडन येथे शस्त्रक्रिया झाली. पुढे २०११ साली विश्वचषक जिंकणाऱ्या संघात ते खेळले.

काही प्रसंगी मात्र विलंब करू नये. पडल्यानंतर हात एकाएकी उचलेनासा झाला, किंवा ताप येऊन सांधा सुजला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. खांदेदुखीबरोबर छाती दाटली, घाम फुटला वा दम लागला, तर ते हृदयविकाराचे चिन्ह असू शकते. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. एरवी दोन-तीन आठवड्यांत उतार न पडल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. तेथून आवश्यकतेनुसार जळगाव किंवा धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाता येते.

आपल्यापुरते सांगावयाचे, तर छाती ते डोळे एवढ्या उंचीतच फळ्यावर लिहावे. फळा उंच असल्यास खाली उतरवून घ्यावा. पुढील पालकसभेत दहा मिनिटे या विषयास द्यावीत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.